गंगा कोठीची हमाली

पन्हाळ्याला येणाऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. वाघबीळचा घाट चढून गाडी वर आली की बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो, मग सज्जा कोठीवरून खालची हिरवाई, मग अंधार बाव, तीन दरवाजा आणि तिथली झुणका-भाकरी, सोबत खर्डा आणि दही. पोट भरलं की गड बघून झाला. अंबारखाना या क्रमात येतो तो गाडीच्या खिडकीतून. ‘ते काय?’ ‘धान्याचं कोठार.’ ‘बरं.’ आणि गाडी पुढे.

माझं मत असं, की गडावर एकच इमारत नीट बघण्याइतका वेळ असेल तर हीच बघावी. हे मत निःपक्षपाती नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. पोत्यांच्या थप्प्यांवर उड्या मारत लहानाचा मोठा झालेला माणूस कोठारात शिरला की कमानी नंतर बघतो. आधी नाकाने वास घेतो आणि मग वर बघून छत गळतंय का ते तपासतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यात पन्हाळाही आला. आबांनी पेपरातली ती बातमी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. आबा म्हणजे माझे वडील. गल्ल्यावर बसणं सोडलं तरी दुकानात येणं त्यांनी सोडलेलं नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, ‘‘दिवाळी झाली की गोडाऊन बघून येऊया.’’ अंबारखान्याला गोडाऊन म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सोबत मामाही आले. मामा आमच्याकडचे जुने हमाल. त्यांना सगळा बाजार मामाच म्हणतो. पाठ वाकली म्हणून काम सुटलं, पण रोज सकाळी चहाला दुकानात हजर असतात. मला ते ‘धाकलं मालक’ म्हणतात. माझ्या केसांकडे बघून हे संबोधन त्यांनी सोडायला हवं, पण सोडत नाहीत.

पंचगंगेचा पूल ओलांडला की पुढे केर्ली, मग वाघबीळ. कोल्हापूरहून वीस किलोमीटरच्या आसपास. वाटेत भाताची मळणी झालेली खाचरं होती, काही ठिकाणी अजून पेंढ्या उभ्या होत्या. आबा प्रत्येक खाचराकडे बघून यंदाच्या मालाचा अंदाज बांधत होते आणि मामा त्यांना दरवर्षीप्रमाणे खोडून काढत होते.

अंबारखान्यापाशी पोचलो तेव्हा एका शाळेची सहल आलेली होती. गुरुजी मुलांना सांगत होते, गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या, ही सगळ्यात मोठी गंगा. एका मुलाने विचारलं, ‘‘सर, ही शिवाजी महाराजांनी बांधली?’’ गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘महाराजांच्या काळात वापरात होती.’’ उत्तर खरं होतं, पण मुलाने विचारलं होतं ते नव्हतं. मला त्यांची अडचण कळत होती. हल्ली गडावर ‘आदिलशाही’ हा शब्द उच्चारताना माणूस आधी आजूबाजूला कोण उभं आहे ते बघतो.

तर ते उत्तर इथे देतो. इमारत विजापुरी बांधणीची आहे. गड त्याच्याआधीचा. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतला आणि काही काळ इथूनच कारभार केला. पुढे यादव आले, मग बहमनी आले. बहमनींचा वजीर महमूद गवान १४६९ चा पावसाळा इथे तळ देऊन राहिला होता. कोकणाच्या तोंडावरचे गड घ्यायला निघालेल्या माणसाला सह्याद्रीच्या पावसाने चार महिने बसवून ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ. १४८९ मध्ये विजापूरची आदिलशाही स्वतंत्र झाली, पन्हाळा तिच्याकडे गेला आणि गडाला आज दिसतो तो आकार बऱ्याच अंशी त्यांच्या काळात आला. सात किलोमीटरहून लांब तटबंदी, दरवाजे, विहिरी, कोठारं. परंपरा सांगते की हे काम शंभर वर्षं चाललं. कोल्हापुरात रस्त्याचं काम बघितलेल्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये.

तीन दरवाज्यावर फारसी शिलालेख आहे, पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. हा १५३४ पासून १५५८ पर्यंत गादीवर होता. त्याच दरवाज्यात पुढे मराठ्यांनी कोरलेला गणपती आहे. दोन्ही एकाच वास्तूत, एकमेकांचा दगड न उखडता. लोक गणपतीला हात जोडतात, लेखाकडे बघतात, वाचता येत नाही म्हणून पुढे जातात. यावर मोठी प्रवचनं करायची माझी इच्छा नाही. दगड घडवायला पैसे पडतात, आणि ज्याला दरवाजा वापरायचा आहे तो आधीच्या मालकाचं चांगलं काम फोडत बसत नाही. जुन्या पेढीची इमारत घेतल्यावर आमच्याही आजोबांनी पाटी तेवढी बदलली होती.

आता कोठीकडे. बाहेरून ती देखणी नाही, हे आधी कबूल केलेलं बरं. लांबट, जड, काळपट दगडाची, खिडक्यांचं नाव नाही. पूर्वेच्या दाराशी मात्र घुमटाची एक छोटी खोली आहे, तिला सज्जा आहे, वर विजापुरी धाटणीचं चुन्यातलं नक्षीकाम आहे. एवढीच काय ती हौस, आणि तीही नेमकी जिथे कारकून बसत असेल तिथे. आबांना हे फार आवडलं. ‘‘माल मोजायची जागा बघ कशी केलीय. बाकी सगळं अंधारात.’’ गोदामात उजेड लागतो तो तराजूपाशी, हे त्यांचं जुनं म्हणणं.

आत गेलं की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. मग खांब दिसतात, कमानी दिसतात, आणि वर बसकट घुमटांच्या रांगा. सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणावर आपापला घुमट. प्रत्येक घुमटाच्या डोक्यावर एक भोक आहे, त्यातून प्रकाशाचा खांब खाली जमिनीवर टेकतो. सहलीची मुलं त्या उजेडात हात धरून बघत होती, आरोळ्या ठोकत होती. भिंतींवर नेहमीची नावं, बाण, बदाम. चारशे-साडेचारशे वर्षांच्या गिलाव्यावर किल्लीने आपलं प्रेम कोरणाऱ्यांना काय करावं याबद्दल आबांचे विचार छापण्याजोगे नाहीत.

बहुतेकांना ती भोकं हवेसाठी किंवा उजेडासाठी ठेवली आहेत असं वाटतं. ती धान्य ओतायची तोंडं आहेत. मामांनी मान वर करून एकदा बघितलं आणि म्हणाले, ‘‘वरनं वतायचं, खालनं काढायचं. म्हंजे जुना माल आधी भायेर.’’

हे वाक्य मी लहानपणापासून दुकानात ऐकत आलोय. जुना माल आधी. गोदामात पोती रचायची तर नवा माल दाराशी येतो आणि जुना मागे भिंतीला सडत राहतो. मग थप्पी फोडून मागची पोती पुढे काढायची, त्याची वेगळी हमाली. इथे ते कामच नाही. नवं धान्य वरून पडतं, जुनं आपल्या वजनाने खाली सरकतं, दारातून आधी खालचं जुनं निघतं. आज सरकार आणि कंपन्या धातूचे उंच सायलो उभारतात, त्यांतही वरून भरायचं आणि खालून काढायचं.

आणि सोळा घुमटांना सोळा भोकं का? एकच मोठं तोंड ठेवलं असतं तर? याचं उत्तर धान्याच्या ढिगात आहे. धान्य एका जागी ओतलं की त्याचा शंकू होतो आणि प्रत्येक धान्याची आपली उतरण असते. नाचणी गोल, गुळगुळीत. तिचा ढीग बसका होतो. भात खरबरीत, दाणा दाण्याला धरतो. त्याचा ढीग उभा राहतो. एवढ्या मोठ्या जागेत एकाच तोंडातून ओतलं तर मधे डोंगर होईल आणि चारी कोपरे रिकामे राहतील. मग आत माणसं घालून फावड्याने ओढत बसा, तीही त्या धुळीत. प्रत्येक खणाला आपलं तोंड दिलं की कोठी सारखी भरते. शिवाय भिंतींवर भार सारखा येतो. सुटं धान्य भिंतीला बाहेर रेटतं. पोत्यांच्या भिंतीआड सुटा माल भरायचा लोभ केलेल्यांना हे विचारावं. इथल्या भिंती जाड आहेत त्या तोफेच्या भीतीने नव्हेत, आतल्या धान्याच्या रेट्याने. बाहेरून कोणी मारा करायच्या आधी ही इमारत आतून सतत ढकलली जाते, आणि ज्याने ती आखली त्याला हे पक्कं माहीत होतं.

पाऊस हा दुसरा शत्रू. पन्हाळ्याचा पाऊस कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०२१ च्या जुलैत गडावर जायचा रस्ताच खचला होता. दाण्यातला ओलावा बारा-चौदा टक्क्यांच्या पुढे गेला की धान्य तापतं, घामेजतं, बुरशी धरतं, आणि टोके, पाखरं ही किड्यांची मंडळी न बोलावता येतात. आपल्या कृष्णा-वारणेच्या काठाने पूर्वी पेवं होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्धच. २००५ च्या महापुरात त्यातली बरीचशी गेली. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, आत हवा नाही, म्हणजे किडीला श्वास नाही. पेव उघडल्यावर माणूस उतरवायच्या आधी कंदील सोडायचा आणि तो विझला नाही तरच उतरायचं, ही रीत आबांनी बघितलेली आहे. पण पेवाला खोल, कोरडी माती लागते. इथे जांभ्याचा माथा आणि त्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. खाली खोदलं असतं तर धान्याऐवजी पाणी साठलं असतं. म्हणून इथली कोठी खाली न जाता वर गेली. दगड-चुन्याची, वर घुमट म्हणजे पाणी थांबायला जागा नाही, झरोके जवळजवळ नाहीत, भोकं झाकली की आतली हवा कोंडलेली. पेवाचंच तत्त्व, फक्त जमिनीच्या वर आणलेलं.

यात ठेवायचे काय? वरी, नागली आणि भात, असं सगळीकडे लिहिलेलं आहे. ही यादी बघून मला ज्याने ती ठरवली त्याच्याबद्दल आदर वाटला. ज्वारी नाही, गहू नाही. ज्वारी आपल्या जेवणाचा राजा असेल, पण तिला कीड लागायला वेळ लागत नाही. नागली म्हणजे नाचणी, दाणा एवढासा आणि टणक, टोक्याला त्यात घर करता येत नाही. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं टिकते. वरीही तशीच. आणि तांदूळ नव्हे, भात. टरफल अंगावर असेपर्यंत दाणा सुरक्षित, लागेल तसं कांडून घ्यायचं. शिवाय ही तिन्ही पिकं पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या पट्ट्यातलीच. कोणत्या बादशहाचं राज्य आहे याने खाचरात काय पिकतं ते बदलत नाही.

मग आबा मूळ मुद्द्यावर आले. गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावतं असं लिहिलेलं असतं. कुठे हा आकडा एकट्या गंगेचा म्हणून येतो, कुठे तिन्ही कोठ्यांचा मिळून. आबांनी आयुष्यभर कोणाचा आकडा तपासल्याशिवाय मानलेला नाही. त्यांनी मला फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडायला लावला.

कोठीचं क्षेत्रफळ सुमारे ९५० चौरस मीटर आणि उंची १०.७ मीटर, अशी मापं प्रसिद्ध आहेत. म्हणजे भिंती, खांब, घुमट काहीच वजा न करता दहा हजार घनमीटरपेक्षा थोडं जास्त. घनमीटरमागे भात पावणेसहाशे किलोच्या आसपास बसतो, नाचणी साडेसातशेच्या. आता खंडी. बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी धरली, पायली साडेतीन-चार किलोची धरली, तर एक खंडी साडेआठशे-साडेनऊशे किलोवर जाते. अशा पंचवीस हजार खंड्या म्हणजे बावीस-तेवीस हजार टन. गंगा कोठी तीन-चार वेळा भरावी लागेल. ‘‘बघ,’’ आबा म्हणाले, ‘‘सांगायला काय जातंय.’’

पण खंडी सगळीकडे एक नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मुंबईची खंडी वीस मणांचीच, पण तिथला मण अठ्ठावीस पौंडांचा. म्हणजे खंडी ५६० पौंडांची, साधारण २५४ किलो. तिने गुणलं तर पंचवीस हजार खंड्यांचे होतात सहा हजार साडेतीनशे टन, आणि हे गंगेच्या बाहेरच्या मापात जवळपास बरोबर बसतं. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, आकडा पुन्हा टाकला आणि पुन्हा तोच आला. भिंती-खांबांचे एक तृतीयांश वजा केले तरी चार हजार टन उरतात. ‘‘मग ठीक हाय,’’ ते म्हणाले, म्हणजे इतिहासाला त्यांनी पास केलं.

चार हजार टन म्हणजे किती, हे टनात कळत नाही, पोटात कळतं. गडावर दहा हजार माणसं धरली आणि माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम, तर दिवसाला सहा टन लागतात. भाताचा कोंडा, घट, उंदीर, चोर हे सगळं वजा केलं तरी ही एक कोठी वर्षभर गड पोसते. बाकीच्या दोन वेगळ्याच.

इथे कुणीही मराठी माणूस जो प्रश्न विचारील तो मीही विचारला. मार्च १६६० ते जुलै १६६०, सिद्दी जौहरचा वेढा. महाराज आत. चार महिने आणि वर. दाणागोटा संपत आला म्हणून निघावं लागलं असं आपण ऐकत आलोय. मग एवढी कोठी असताना संपला कसा?

आबांचं उत्तर धंद्याचं होतं. कोठी मोठी असणं आणि कोठी भरलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी. गड महाराजांनी घेतला तो २८ नोव्हेंबर १६५९ ला, अफजलखान पडल्यावर अठरा दिवसांत. गड सोडणाऱ्याने कोठीत काय शिल्लक ठेवलं असेल ते त्यालाच ठाऊक. नोव्हेंबर म्हणजे भात निघायची वेळ, पण त्या सुगीत सगळा मुलूख घोड्यांच्या टापांखाली होता. मार्चमध्ये वेढा पडला. मधे तीनच महिने. एवढ्या काळात बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढवायचा, मोजायचा, वर नेऊन ओतायचा, म्हणजे किती माल चढेल? आणि त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून पक्का होता. महाराज १२ जुलैच्या रात्री पावसात बाहेर पडले, खिंडीत बाजीप्रभू पडले, महाराज विशाळगडाला पोचले. पण पन्हाळा त्या रात्री पडला नाही. तो सप्टेंबरात सिद्दीच्या ताब्यात गेला. मधले दोन महिने आतली शिबंदी काहीतरी खातच होती ना?

मला यात मोठा आनंद वाटला. खिंडीतल्या रात्रीवर आपण इतकं बोलतो, आणि त्या दोन महिन्यांवर कोणी चकार शब्द काढत नाही. भर पावसाळ्यात, राजा निघून गेलेल्या गडावर, आदिलशहाने बांधलेल्या कोठारातली नाचणी खात मराठे आदिलशहाच्याच सरदाराशी लढत बसले होते. कोठी कोणाची हा प्रश्न त्या दिवसांत ज्याच्या हातात किल्ली होती त्याला पडला असेल असं वाटत नाही. पुढे १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी गड परत घेतला, आणि कोठ्याही परत आल्या.

मराठ्यांना कोठाराचं मोल नीट कळत होतं, याला पुरावा हवा असेल तर आज्ञापत्र आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी ते १७१५ मध्ये लिहिलं, कोल्हापूरच्या गादीसाठी, आणि ती गादी तेव्हा याच पन्हाळ्यावर होती. गड कसा असावा हे सांगताना ते धान्याच्या घरापर्यंत येतात. आग, उंदीर, किडा, मुंगी, वाळवी यांचा उपद्रव होणार नाही अशी ती घरं असावीत, भुईला दगड असावा. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला जे पत्र लिहिलं त्यातही उंदीर आहे. रात्री जळता दिवा ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल आणि वैरणीला आग लागेल, म्हणून काळजी घ्या, असा त्याचा आशय. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो, हे मला तलवारीच्या वर्णनांपेक्षा जास्त भारावून टाकतं. उंदराने आमच्या धंद्याचं किती नुकसान केलंय ते मी सांगू शकतो, पण तो लेख वेगळा होईल.

१७८२ मध्ये राजधानी गडावरून खाली कोल्हापुरात आली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात इंग्रजांनी तोफा लावल्या आणि चार दरवाजा गेला. आज त्याचं नाव नाक्यापुरतं उरलंय. अंबारखाना मात्र उभा आहे. दरवाजा जिंकणाऱ्याला नको असतो. कोठार त्यालाही लागतं.

आबा खालीच एका दगडावर बसले. मामांना मात्र वर जायचं होतं. कोठीच्या दोन्ही बाजूंना वर जायला जिने आहेत. गुडघ्यांना हात लावत, थांबत थांबत मामा निघाले, मी मागे. अर्ध्यावर ते थांबले. मला वाटलं दम लागला. ते पायरी बघत होते. मग म्हणाले, ‘‘धाकलं मालक, दोन जिनं का केल्यात, सांगा.’’

मी म्हणालो, सोय म्हणून. इमारत सारखी दिसावी म्हणून.

‘‘सारखी दिसून काय करायचंय? पोतं घिऊन चढणारा आनि मोकळा उतरणारा समोरासमोर आला की जिन्यावर दोघंबी खोळंबत्यात. न्हाईतर एकजण खाली. एकीकडनं चढायचं, दुसरीकडनं उतरायचं. रांग थांबत न्हाई.’’

स्थापत्यावर जे काही थोडंफार वाचलंय त्यात मला दोन जिने म्हणजे प्रमाणबद्धता असंच दिसलं होतं. पाठीवर पोतं घेऊन ज्याने हजारो वेळा फळीवरून ट्रकमध्ये चढउतार केलीय त्याला ती वाहतूक दिसली. विजापूरच्या त्या स्थपतीने आधी कोणाला तरी विचारलं असणार. विचारलं नसेल तर तो स्वतः कधीतरी बांधकामावर घमेलं वाहिलेला माणूस असणार. इमारतींवर राजांची नावं असतात, पण असल्या गोष्टी वाहणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाहीत.

वर वारा होता. घुमट जवळून अगदी बसके, बसायला बोलावतात इतके. मामा एका तोंडापाशी उकिडवे बसले आणि आत डोकावले. खालून एका पोराने ओरडून विचारलं, ‘‘ओ आजोबा, पडशीला की!’’ मामांनी त्याला एक खास बाजारातली शिवी दिली, प्रेमाने. मग उभे राहून त्यांनी पोतं पाठीवरून सोडण्याची हालचाल करून दाखवली. खांदा खाली, गुडघा पुढे, आणि तोंडावर हात. पाठ वाकलेली असूनही ती हालचाल जशीच्या तशी होती.

खाली आल्यावर तीन दरवाज्यापाशी जेवायला बसलो. पिठलं गरम होतं, भाकरी नाचणीची मागितली. आबा म्हणाले, कोठीतलीच आहे असं समजून खा. फोन पुन्हा बाहेर निघाला. चार हजार टन, माणूस खेपेला साठ किलो नेईल असं धरलं. मामांना साठ कमी वाटत होते, त्यांच्या काळात क्विंटलाचं पोतं एकटा उचलायचा, पण जिना चढायचा म्हणून त्यांनी मान्य केलं. होतात सहासष्ट हजारांवर खेपा. पन्नास हमाल, दिवसाला वीस खेपा, म्हणजे दिवसाला हजार. दोन महिने आणि आठवडाभर जास्त, एकही खाडा न करता. भात मळून, वाळून येईतो पौष उजाडणार. संक्रांतीला सुरुवात केली तर चैत्र लागेपर्यंत एक कोठी भरणार, आणि वळवाच्या आत भोकं झाकायची.

‘‘पन्नास मानसं रोज कुठनं आनली असतील?’’ मामांनी विचारलं.

आबा म्हणाले, खालच्या गावांतून. वेठीला धरून आणली असतील.

मामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ‘‘येठबिगारीनं पोतं चढत न्हाई मालक. एक दीस चढंल, दोन दीस. तिसऱ्या दिवशी गडी पळून जातोय, न्हाईतर पोतं जिन्यावर फुटतंय. एवडी कोठी भरायची तर हमाली रोजच्या रोज हातात पडली पायजे.’’

आबांनी आपल्या दुकानात हमाली शनिवारी दिली जायची आणि तरी माल चढतच होता, याची आठवण करून दिली. मामा म्हणाले, चढत होता, पण शुक्रवारी किती पोती फुटायची ते कधी मोजलंत का? आदिलशहा बाजूला राहिला, महाराजही बाजूला राहिले. वाघबीळ उतरेपर्यंत मागच्या सीटवर दोघांचा शनिवार-शुक्रवार चालू होता, आणि केर्लीला आबांनी जुन्या हिशेबाच्या वह्या काढून बघायचं कबूल केलं.